ऊन धरणारी भिंत

शरयू दिवस भरायच्या आधीच आली, आणि आली ती नेमकी ग्वाल्हेरच्या डिसेंबरात. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हीटरसमोर ठेवू नका. छातीशी धरा, कपड्यांच्या आत, अंगाला अंग लागलं पाहिजे. जितका वेळ जमेल तितका." जितका वेळ जमेल तितका म्हणजे सगळाच वेळ, हे मला घरी आल्यावर कळलं.

आमचं घर माधवगंजात. माणसं तीन, आता साडेतीन. माझा नवरा राजवर्धन सकाळी अंधारातच मालनपूरला कामावर जातो. माझं माहेर हाकेच्या अंतरावर, खासगी बाजार मोहल्ल्यात. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तीच दुसऱ्याच्या आधारावर. राहिली मंदाआत्या, राजवर्धनची आत्या. हिने लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. आता तिचा एक कान पुरता गेलाय आणि दुसरा तिच्या मर्जीवर चालतो. कानाचं मशीन आहे, ते कपाटात असतं. का, तर "त्यातून शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात, आपल्या घरातलं काही येत नाही."

पहिल्या आठवड्यात मी खोलीत दारं-खिडक्या लावून पोरीला छातीशी धरून बसले होते आणि तिच्या पायांची बोटं तरीही गार पडत होती. मंदाआत्या दारात येऊन उभी राहिली.

"उठ. काय अंडं उबवत बसलीयेस इथे? भिंतीशी जा."

"बाहेर? एवढ्या थंडीत?"

"भिंतीशी म्हणाले मी. बाहेर कोण म्हणालं?"

मागच्या अंगणाच्या टोकाला ती भिंत आहे. कधीकाळी इथे कुणा सरदाराची बाग होती म्हणतात. बाग गेली, तिच्यावर आमच्यासारखी घरं बसली, उत्तरेच्या बाजूची ही एक भिंत तेवढी राहिली. आमच्याकडे तिचं तोंड, म्हणजे दक्षिणेची बाजू. पाठीमागे आमच्या शेजाऱ्याचं, समरजीतचं, घर. पुरुषभर उंच, वर आणखी हातभर, आणि रुंद इतकी की मांजर तिच्यावर आडवं झोपतं. दर दिवाळीला तिला चुन्याचा हात बसतो, त्यामुळे आत काय आहे ते कुणी बघितलेलं नाही. विटांची आहे एवढं अगदी वरच्या कडेला दिसायचं, जिथे कुंचा पोचत नाही. आमच्या गावात हेही नवलच. ग्वाल्हेरला दगडाची काय कमी? इथे गोठ्यालासुद्धा दगडाच्या भिंती.

दुपारी ऊन तिरपं होतं आणि समोरून तिच्यावर येतं. ती ते पिऊन घेते. मग ऊन गेल्यावर, हौदातल्या पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही तेव्हा, ती ते परत देत राहते. अगदी हळू. पाठ टेकली की शालीतून, स्वेटरमधून आत येतं. मधोमध एक मोठा कोनाडा, माणूस उभा राहील एवढा उंच आणि हातभर खोल. त्यात चटई टाकून बसलं की वाराही लागत नाही. मागून भिंत, पुढून शरयू, आणि मध्ये मी, दोघींच्या मध्ये घातलेल्या रजईसारखी.

त्या कोनाड्यात बसून मी तिला ओळखायला शिकले. भुकेचं रडणं वेगळं आणि नुसतं "आहेस ना?" विचारणारं वेगळं. दूध ओढताना ती मध्येच थांबायची, जणू काही आठवलंय, आणि मग पुन्हा कामाला लागायची. एक दिवस तिच्या पायाची बोटं मुठीत घेतली तर ती माझ्या मुठीपेक्षा गरम. मी मंदाआत्याला हाक मारून मारून बोलावलं. ती आली, तिने बोटं दाबून पाहिली आणि म्हणाली, "हं. आता हिला नाव ठेवायला हरकत नाही." तोवर मी नाव मनातल्या मनातच घेत होते.

*

जानेवारीत समरजीत आला, हातात गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, डबा. तो राजवर्धनचा लहानपणचा मित्र. आम्ही शेजारी असलो तरी त्याच्या घराचं दार मागच्या गल्लीत आणि आमचं पुढच्या रस्त्यावर, त्यामुळे येणं-जाणं सणावारीच.

"वहिनी, एक बात करायची होती. तुम्ही नाराज नाही ना होणार?"

"गजक आधी द्या, मग सांगते."

तो हसला, पण बसला तो खुर्चीच्या टोकावर. त्याचे वडील तात्यासाहेब दिवाळीच्या सुमाराला अर्धांगाने पडले होते. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. व्हीलचेअर आणली, पण घर आणि ही भिंत यांच्यामधली बोळकंडी इतकी चिंचोळी की खुर्ची तिच्यात शिरत नाही. मागच्या गल्लीतल्या दाराला उंच पायऱ्या, तिकडून न्यायचं तर चौघांनी उचलून.

"दिवाळीपासून बाबांनी रस्ता नाही पाहिला वहिनी. ऊनसुद्धा नाही. आमच्या साइडला भिंतीची सावलीच असते ना दिवसभर. तर मी म्हटलं, ही दीवार काढून टाकू. पतली काँक्रीटची बनवू. दीड-दोन फूट मिळतात, खुर्ची आरामात निघते. खर्च सगळा माझा. तुमची तरफ प्लॅस्टर, पेंट, टाइल्स म्हणाल तर टाइल्स."

राजवर्धन म्हणाला, "अरे, यात विचारायचं काय?"

म्हणणारच. मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मी गजकचा तुकडा तोंडात धरून बसले होते. तात्यासाहेबांच्या खुर्चीसमोर माझं काय म्हणणं होतं? मला तिथे बरं वाटतं? माझी मुलगी तिथे झोपते? पोर उन्हाळ्यापर्यंत मोठी होईल, मग कोण बसणार आहे भिंतीशी?

पण त्या रात्री ती छातीवर झोपली असताना मला सारखं वाटत राहिलं की आपण काही बोललो नाही तर ते बरोबर होणार नाही. भिंतीला तोंड नाही म्हणून काय झालं.

दुसऱ्या दिवशी मी गरिमाला फोन लावला. शाळेत ती माझ्या मागच्या वर्गात होती, पाटणकर बाजारातली. आर्किटेक्ट होऊन परत आलीय आणि शहरातल्या जुन्या बांधकामांची यादी करणाऱ्या लोकांबरोबर काम करते. यादीत नाव चढलं की मग ते बांधकाम सहजी पाडता येत नाही.

"दीदी, भिंत?" ती म्हणाली. "नुसती भिंत? लोक मला हवेल्या दाखवतात."

"ये तर खरी. चहा पाजते."

*

ती आली त्या दिवशी मी अंघोळीला गेले होते. बाळंतिणीची अंघोळ म्हणजे चोरीच असते. पोर झोपली, मंदाआत्या तिच्यापाशी बसली, की पळायचं. शरयू कोनाड्यात, वेताच्या पाटीत दुपट्यात गुंडाळून. मी ओले केस पंचात बांधत बाहेर आले तर शरयू मंदाआत्याच्या मांडीवर, मंदाआत्याच्या कपाळाला आठ्या, आणि गरिमा कोनाड्यात गुडघ्यांवर बसून लहानशा पत्र्याने चुना खरवडतेय.

"दीदी," तिने मान वळवली. तिचा चेहरा पडला होता. "सॉरी हां. पण ही तर नवीन आहे."

मी वाकून पाहिलं. चुन्याच्या थरांखाली जाड, लालभडक वीट. तिच्यावर कारखान्याचा अर्धा शिक्का. दोन विटांच्या मध्ये करडं सिमेंट.

"जुनी म्हणजे पतल्या विटा पाहिजेत, लखौरी. चपट्या, बिस्किटासारख्या. आणि चुन्यात बसवलेल्या. ही तर आजोबांच्या जमान्यातली असेल फार तर. बाकी दोन जागीही खरवडलं असतं, पण आत्यांनीच सांगितलं ना, मूल हीच आहे. मी दोनदा कन्फर्म केलं." तिने पत्रा पिशवीत टाकला. "मूल भागच असा, तर बाकीचं काय बघायचं? मला चारला मोरारला पोचायचंय."

चहा न घेताच ती गेली. मी कोनाड्यात उभी होते. जिथे रोज पाठ टेकायची तिथे तळहाताएवढी जखम होती, आणि तिच्यातून ती परकी लाल वीट बघत होती. इतके दिवस मी जिला म्हातारी समजत होते ती म्हातारी नव्हतीच. गरम तर ती तशीच होती. पण मला उगाच फसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी समरजीतचा फोन आला. गरिमा येऊन गेल्याचं त्याला गल्लीतच कळलं होतं.

"वहिनी, मला सांगायचं ना एकदा."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "झालं आता. ती म्हणाली, भिंत जुनी नाही."

तो म्हणाला, "सोमवारी मशीन बोलवतो मग." त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

*

रात्री जेवताना मंदाआत्याची वटवट चालू होती.

"काय शिकवतात या पोरींना कॉलेजात देव जाणे. आली, नमस्कार ना चमत्कार. विचारते काय, आत्या, इथे मूल कुठे आहे? म्हटलं, डोळे आहेत ना? ते काय, कोनाड्यात. तर म्हणते, पक्कं ना, हेच मूल? अगं बये, मूल ओळखायला मी चुकेन? जन्म गेला माझा त्यात. पुढे म्हणते, किती वर्षांचं असेल. वर्षांचं! लंगोटातलं पोर दिसेना तिला. असल्या प्रश्नाला मी उत्तरच दिलं नाही. तर बाईसाहेबांनी पाटी उचलली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि लागल्या भिंत खरवडायला!"

माझा घास हातातच राहिला.

"आत्या, ती काय म्हणाली? नीट सांगा. मूल कुठे आहे?"

"मग काय तर! मूल. बाळ. ही." तिने चमच्याने शरयूकडे बोट केल्यासारखं केलं.

मी हसायला लागले. आधी आवाज न करता, मग करून. शरयू माझ्या छातीवर वरखाली व्हायला लागली आणि झोपेतच तिने तोंड वाकडं केलं. राजवर्धन माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याच्याही डोक्यात उजेड पडला. गरिमाचं मूल हिंदीतलं होतं. मूळचं, अस्सल, पहिल्यापासूनचं. आमच्याकडे असंच बोलतात. वाक्य मराठीत निघतं आणि कुठल्या शब्दाला हिंदीच्या घरी जाऊन बसेल सांगता येत नाही. माझंही तसंच होतं, कुणी टोकलं तर कळतं. पण मंदाआत्याच्या कानाला मूल म्हणजे मूलच. तिला विचारलं मूळ कुठे आहे, तिने दाखवलं मूल कुठे आहे.

"हसायला काय झालं?" मंदाआत्या म्हणाली.

राजवर्धनने तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ताटातलं लोणचं चाटलं आणि म्हणाली, "मग तिने मूळ म्हणावं. मराठ्यांची पोर ना ती?"

*

दुसरा दिवस रविवार. ऊन अंगणात आल्याबरोबर राजवर्धन स्टुलावर चढला. हातात आमचं पोळ्यांचं उलथनं. कोनाड्याच्या डाव्या अंगाला, बाहेरच्या बाजूला, त्याने चुना काढायला सुरुवात केली. पापुद्रे निघत गेले. पांढरा, मग निळसर, मग पिवळट, कुण्या कुण्या दिवाळ्यांचे. आणि खाली चपट्या विटा. दोन बोटं जाडीच्या, विटकरीपेक्षा जरा फिक्या, मध्ये तेवढाच जाड चुना. एकीवर एक, एकीवर एक, वहीच्या पानांसारख्या.

मी शरयूला शालीतून बाहेर काढून दाखवलं. "बघ. ही खरी."

शरयूला शिंक आली.

राजवर्धन खरवडत कोनाड्याच्या कडेकडे आला आणि थांबला. "इकडे ये. इथे बघ." चपट्या विटा एका सरळ उभ्या रेषेत संपत होत्या, कापल्यासारख्या, आणि पलीकडे जाड लाल विटा सुरू होत होत्या. त्याने रेष धरून वर वर चुना काढला. डोक्याच्या वर ती रेष वळली. चपट्या विटा तिथे उभ्या लावल्या होत्या, पंख्याच्या काड्यांसारख्या.

"अगं, ही तर कमान."

कोनाडा हा कोनाडा नव्हताच. दार होतं, कुणीतरी बुजवलेलं.

मंदाआत्याला विचारलं. ती म्हणाली, "मी जन्मले तेव्हापासून कोनाडाच आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आमची आई म्हणायची, माकडं यायची म्हणून बुजवलं. काकी म्हणायची, भांडण झालं म्हणून. आईची माकडं म्हणजे कोण ते मी कधी विचारलं नाही."

मी गरिमाला फोन केला. तिला मूल आणि मूळ समजायला वेळ लागला. समजल्यावर ती फोनवर किंचाळलीच. तासाभरात येऊन हजर. या वेळी आल्या आल्या मंदाआत्याच्या पाया पडली आणि मग भिंतीच्या. म्हणजे पडली नाही, पण विटांवर दोन्ही तळवे ठेवून गाल टेकवून उभी राहिली, तेच.

"दीदी, विचार कर. इथे दगड फुकटात होता. तरी बांधणाऱ्याने वीट का घेतली? दगडाची भिंतही तापते, पण ही भट्टीतली वीट, आत चुना, एवढी जाड. आणि तोंड दक्षिणेला. मला वाटतं याच्यावर काहीतरी चढवलं होतं त्यांनी. अंगूर, नाहीतर अंजीर. जे थंडीत मरतं ते. त्याने भिंत नाही बांधली, त्याने झाडांसाठी रजई बांधली." मग ती शुद्धीवर आली. "हे मी आत्ता म्हणतेय हां, लिहिताना 'बहुधा' लिहावं लागेल."

"यादीत जाईल?"

"पाठवते मी. पण भिंत दोघांची आहे ना? त्यांनी ना म्हटलं तर कठीण. आणि..." ती खाली बघत म्हणाली, "मी त्यांना काय तोंडाने सांगू, की तुमच्या बाबांपेक्षा भिंत मोठी?"

तेच तर. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते मिळाल्यावर करायचं काय ते कळत नव्हतं. शरयू भुकेने कुरकुरायला लागली. मी सवयीने कोनाड्यात जाऊन बसले, पदर घेतला, तिला लावलं. राजवर्धन आणि गरिमा पाठ करून पुढच्या ओट्यावर गेले.

पाठीमागे ती जाड लाल वीट. वरती कमान. पलीकडे बोळकंडी, आणि बोळकंडीच्या पलीकडे एका सावलीतल्या खोलीत तात्यासाहेब. या जागेतून पूर्वी माणसं ये-जा करत होती. दोन माणसं शेजारी शेजारी जातील एवढं रुंद दार. खुर्ची सहज जाईल. इकडून आमचं अंगण, अंगणातून घराच्या कडेने सरळ रस्ता. सगळं किती साधं होतं. फक्त ज्या विटा काढाव्या लागणार होत्या त्या नेमक्या माझ्या पाठीच्या होत्या.

आणि अंगण मग माझं राहणार नव्हतं. हे खरं होतं, आणि ते मी स्वतःपासून लपवलं नाही. इथे मी केस मोकळे सोडून बसते. इथे ब्लाउजची बटणं लावायला विसरते. इथे एकदा मी काही कारण नसताना इतकी रडले होते की मंदाआत्याने नुसती येऊन शेजारी लसूण सोलत बसणं पसंत केलं. उद्या इथून कुणीही येईल. समरजीत, तात्यासाहेबांचा मालिशवाला, पाहुणे. घरातल्या सुनेला एवढी एक जागा असते जिथे ती कुणाची कुणी नसते. माझी ही होती.

शरयू दूध पिता पिता थांबली. तिने डोळे उघडले आणि मला बघितलं. खरंच बघितलं, पहिल्यांदा असेल, इतके दिवस ती नुसता उजेड बघायची. मग पुन्हा कामाला लागली.

ही अशीच निवांत नेहमी राहणार नाही, असं मनात आलं. चालायला लागेल, पळेल. दार असलं तर दारातून पळेल.

मी बटणं लावली आणि ओट्यावर गेले. "दार उघडू या," मी राजवर्धनला म्हटलं.

त्याला लगेच कळलं. तो भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला. "तुझी जागा आहे ती. आणि मग रोजचं येणं-जाणं. नंतर म्हणशील..."

"म्हणेन. तेव्हा ऐकून घ्यायचं."

*

समरजीतला पटायला वेळ लागला. तो भिंतीसमोर उभा राहून कमानीकडे बघत होता, कमरेवर हात.

"म्हणजे बाबा रोज तुमच्या आंगनमधून जाणार?"

"हो."

"मालिशवाला येतो, फिजिओवाला येतो..."

"येऊ देत. चपला काढून येऊ देत."

"आणि ही वरून कोसळली तर?"

गरिमा पुढे झाली. "भार सगळा कमानीवर आहे भैया. आतल्या विटा नुसत्या भरल्यात, त्यांच्यावर काहीच नाही. हळूहळू हाताने काढायच्या, मशीन नाही लावायचं."

त्याने डोकं खाजवलं. "मला तर वाटलं होतं, वहिनी माझ्याशी भांडणार."

"भांडणारच होते," मी म्हटलं. "गजक आणलात म्हणून गप्प बसले."

मंदाआत्या आतून ओरडली, "कोण आलंय? समर? त्याला म्हणावं तात्याला टोपी घालून आण. कानाला वारा लागतो."

तिला एवढ्यातलं किती ऐकू आलं होतं कोण जाणे.

*

विटा निघाल्या तेव्हा मी घरात बसून होते. ठोके ऐकू येत होते आणि प्रत्येक ठोक्याला शरयू झोपेत हात उडवत होती. मी तिचे हात धरून ठेवले. नंतर बाहेर गेले तर जिथे माझी पाठ असायची तिथून समरजीतच्या घराची मागची पायरी दिसत होती, आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. दारातून आत शिरलेला एक लांब तुकडा. त्या बाजूला बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदा. गरिमा फोटो काढत होती. ती म्हणाली, बाकीची भिंत तशीच्या तशी आहे, आणि दार उघडल्याने तिचं काही कमी झालं नाही, उलट ती आता जशी होती तशी झाली. समरजीतने संमतीची सही केली. यादीत चढेल की नाही हे वरचे लोक ठरवतील. पण मशीन आलं नाही.

मी चटई उचलली आणि दाराच्या डाव्या अंगाला, चपट्या विटांशी टाकली. इथे वारा लागतो थोडा. शाल जास्त घ्यावी लागते. ऊब तीच आहे.

तात्यासाहेबांना आणलं तो दिवस धुक्याचा होता. ऊन उशिरा आलं. समरजीतने उंबऱ्यावर फळी टाकली आणि खुर्ची ढकलत अंगणात आणली. डोक्यावर कानटोपी, गळ्यात मफलर, मांडीवर घोंगडी. उजवा हात घोंगडीखाली. मी त्यांना लग्नात पाहिलं होतं, फेटा बांधलेले, दणदणीत आवाजाचे. आता ते फक्त डोळ्यांनी इकडे तिकडे बघत होते. अंगणाच्या मधोमध खुर्ची आली तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. थांब.

"बाबा, रस्त्यावर नाही जायचं? चला ना, कोपऱ्यापर्यंत."

त्यांनी मान हलवली. नाही. इथेच.

"ठीक आहे. मी तुमचं औषध घेऊन येतो. वहिनी, दोन मिनिटं बघाल?"

तो गेला. मंदाआत्या चहा टाकायला आत गेली होती. आम्ही तिघंच राहिलो, खुर्चीत तात्यासाहेब, आणि त्यांच्यासमोर, घराच्या मागच्या पायरीवर, मी आणि शरयू. नेमकी तेव्हाच ती उठली आणि भुकेने रडायला लागली. मी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, करंगळी तोंडात दिली. ती करंगळीवर फसायच्या वयाची आता नव्हती. मला उठून आत जाता आलं असतं. पण समरजीत सांगून गेला होता, त्यांना एकटं टाकून कशी जाणार? आणि त्यांच्यासमोर पदर कसा सरकवणार? इतक्या दिवसांत मी याचीच भीती घेऊन बसले होते, आणि ते पहिल्याच दिवशी समोर आलं. शरयूचं तोंड लाल झालं. माझ्या छातीतून दूध वाहायला लागलं, ब्लाउज ओला झाला.

तात्यासाहेब आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात खाली नेला आणि चाक धरलं. एकाच हाताने चाक ढकललं की खुर्ची पुढे जात नाही, जागच्या जागी फिरते. त्यांनी ढकललं. थोडी फिरली. पुन्हा ढकललं. चाकाखाली खडा आला, अडली, त्यांनी दात खाऊन जोर लावला. मी उठायला लागले तर मानेनेच त्यांनी मला बस म्हटलं. खुर्ची हळूहळू फिरत गेली, आणि शेवटी त्यांचं तोंड उन्हातल्या भिंतीकडे झालं आणि पाठ आमच्याकडे.

मी शरयूला घेतलं. तिचं रडणं मध्येच तुटलं आणि घोट ऐकू यायला लागले.

तिकडे बघत, जड जिभेने, एकेक अक्षर जुळवून तात्यासाहेबांनी विचारलं, "मुल... गी का... मुल... गा?"

"मुलगी," मी म्हटलं. "शरयू."

कानटोपी हळूच वरखाली हलली.